लांब पळी, आठ पातेली : प्रकल्प नोंदी

२८ जून २०२५, शनिवार. सिंगापूर

फाइलला तूर्त "पातेली" एवढंच नाव दिलंय.

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली एक मिनांग मुलगी काम करते. सत्तावीस वर्षांची, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. इंडोनेशियात, पश्चिम सुमात्रातल्या बुकितिंगीच्या बाजारात तिच्या मावशीचा नासी कापाऊचा गाळा आहे. नासी म्हणजे भात, कापाऊ हे बुकितिंगीला लागून असलेलं गाव. गाळा पणजीने सुरू केला, आजीने वाढवला, आता मावशी चालवते. मावशीला दोन्ही मुलगे. मिनांग लोकांत कूळ आईवरून चालतं, घर आणि शेत आईकडून लेकीकडे जातं. त्यामुळे "मावशीनंतर कोण?" असं कुणी म्हटलं की सगळ्या माना हिच्याकडे वळतात. हिने दोन वर्षं टोलवाटोलवी केली. आता म्हणते, "काक, आधी सगळं ग्रॅममध्ये लिहून काढू या. मग बघते."

(काक म्हणजे ताई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कावळा शोधला होता.)

माझी चौदा वर्षं सॉस आणि वाटणांच्या कारखान्यांत गेली. शंभर किलोच्या घाण्याला मीठ किती, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आठ पदार्थ, तीन आठवड्यांची रजा, एक तराजू, एक थर्मामीटर. काम सोपं वाटतंय.

अटी: कुणाचं नाव लिहायचं नाही, तिलाही इथे भाचीच म्हणेन. पदार्थांचे आकडे घरच्या वहीत जातील, या नोंदींत नाही. रांदांगचे (नारळाच्या दुधात आटवून आटवून कोरडं केलेलं गोमांस) थोडे आकडे लिहायला परवानगी मिळाली आहे, कारण मावशीच्या मते ते कळूनही कुणाला काही जमणार नाही.

१ जुलै, मंगळवार. बुकितिंगी

पादांगहून गाडीने वर आलो, नव्वदेक किलोमीटर. मध्ये लेंबाह आनाईची खिंड लागते, धबधबा अगदी रस्त्याला खेटून. गेल्या वर्षी ११ मेच्या रात्री पावसाने मारापी ज्वालामुखीवरची राख आणि दगडगोटे खाली लोटले तेव्हा हा रस्ताच वाहून गेला होता आणि दोनेक महिने बंद होता. नारळ येतो खालून, पारियामानच्या किनाऱ्याकडून. ते दोन महिने नारळाचा ट्रक लांबच्या घाटाने फिरून यायचा. मावशीला तारीख आठवत नाही, पण त्या काळात एका नारळामागे किती जास्त मोजले ते तोंडपाठ आहे.

नाती लिहून ठेवते, नाहीतर घोळ होईल. आईची धाकटी बहीण ती एतेक. आजी ती उवो, वय चौऱ्याऐंशी. आईचा भाऊ तो मामाक. "आमच्यात मामा म्हणतात," असं मी सांगितल्यावर उवो खूश झाली. मग तिने विचारलं, "तुमच्यातही तोच घरातलं ठरवतो का?" म्हटलं, नाही, आमच्यात तो लग्नात भाचीला मांडवात घेऊन येतो. उवो थोडा वेळ थांबली. "तेवढंच?"

मी गोमांस खात नाही हे जेवायच्या आधीच सांगून टाकलं. रांदांगचं माप घ्यायला आलेली बाई रांदांग खाणार नाही, म्हणजे अवघडच. एतेक भाचीकडे बघायला लागली. उवो म्हणाली, "मग तू नाक आणि कान लाव. जीभ आमची."

२ जुलै, बुधवार

बुध आणि शनि हे इथले बाजाराचे दिवस. चूल पहाटे साडेतीनला पेटते ती गावातल्या घरी, परसातल्या पडवीत. साडेसातला पातेली छोट्या टेम्पोतून बाजारात. गाळ्यावर फक्त भात शिजतो. भात मोकळाच हवा. शीत शिताला चिकटलं तर इथलं गिऱ्हाईक ताट परत करतं. भाची सिंगापुरात डबा का आणत नाही ते आज कळलं. तिथला चिकट भात तिच्या घशाखाली उतरत नाही.

पादांगी जेवण म्हटलं की टेबलावर दहा-पंधरा बशा मांडतात आणि ज्या बशीला हात लावाल तिचे पैसे लावतात, ते वेगळं. कापाऊची रीत निराळी. इथे पातेली उतरत्या पायऱ्यांवर मांडलेली असतात. गिऱ्हाईक पुढे खाली, बाई मागे वर, आणि तिच्या हातात जवळजवळ दोन हात लांब बांबूच्या दांड्याची पळी, टोकाला करवंटी. ही पळी सगळ्यात पुढच्या पातेल्यापर्यंत पोचते. बाई जागची हलत नाही.

ताटात भात. त्यावर न विचारता फणसाच्या कुयरीची, चवळीच्या शेंगांची आणि कोबीची गुलाय, म्हणजे नारळाच्या दुधातला रस्सा. मग तुम्ही बोट दाखवाल ते: तांबुसू (आतड्यात अंडं आणि टोफू भरून शिजवलेलं), तुन्जांग म्हणजे पाय, कोंबडी, मासा, रांदांग. शेवटी दोन-तीन पातेल्यांतले रस वरून फिरवतात. मला कुयरी, अंडं आणि मासा मिळाला. कुयरी तोंडात गेली आणि मी कुडाळला आजीच्या माजघरात पोचले. फरक इतकाच की हिच्यात नारळ वाटून घातलेला नाही, नुसतं दूध आहे, आणि खाली गलांगल (आल्यासारखं एक मूळ) आणि गवती चहाचा वास.

शेजारच्या बाकावरचा माणूस ओरडला, "ताम्बुआ चिएक!" आणखी एक भात. दिवसभरात हे मी एकशे तेरा वेळा मोजलं. मग मोजणं सोडलं.

४ जुलै, शुक्रवार

आज दुपारी नमाजामुळे गाळ्यावर गर्दी उशिरा, म्हणून एतेकने सकाळी जिन्नस दाखवले.

ओळखीचे निघालेले: हळदीचं पान. आपण पातोळ्या करतो तेच. इथे त्याची लांबट गुंडाळी करून गाठ मारतात आणि अख्खी गाठ पातेल्यात टाकतात, म्हणजे पान फाटत नाही आणि शेवटी काढताही येतं. एतेकचा हात एका गाठीला दोन सेकंद घेतो. मी मारलेल्या गाठी पहिल्या उकळीतच सुटल्या.

आसाम कांदिस. काळी, सुरकुतलेली आमसुलं. आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ. वासावर मी "सोलं!" म्हणून ओरडले. चव कोकमापेक्षा जरा सौम्य, रंग जवळपास नाहीच.

आणि रुकू-रुकू. एतेकने मूठभर पानं माशाच्या पातेल्यात टाकली आणि माझा हात तिथेच थांबला. तुळस. अगदी आपली, वृंदावनातली. माशात तुळस! तराजूवर पानं ठेवायची होती, तर मी ती आधी डोळ्यांना लावली. कुणी काही बोललं नाही. उवोने भाचीला काहीतरी विचारलं. भाचीने भाषांतर केलं नाही.

वाटण पाट्यावर. याला बातू लादो म्हणतात, लादो म्हणजे मिरची. पाटा आपल्यापेक्षा रुंद, वरवंट्याऐवजी गोलसर जड दगड, तो लोटत नाहीत तर डोलवतात. घरात मिक्सर आहे, पण हिरव्या मिरचीच्या साम्बाला, म्हणजे ठेच्याला, तो चालत नाही. मिरची ठेचली गेली पाहिजे, तिची पेस्ट होता कामा नये. साम्बाच्या बिया अख्ख्या दिसल्या पाहिजेत. इथे माझं कारखान्यातलं ज्ञान लागू पडलं आणि मी मनातल्या मनात मान डोलावली.

५ जुलै, शनिवार

आजचे सगळे आकडे रद्द.

कारण माझंच. एतेक एका लोखंडी थाळ्यात जिन्नस काढते, मी तो थाळा तराजूवर ठेवून शून्य करते, मग वजन घेते. मध्ये एतेकने थाळा बदलला, दिसायला तसाच, पण दोनशे चाळीस ग्रॅमने जड. मी शून्य करायला विसरले. दुपारी चार वाजता बेरीज जुळेना तेव्हा कळलं. सगळ्या पदार्थांचे सकाळचे आकडे गेले. कोणत्या वजनानंतर थाळा बदलला ते कुणालाच आठवेना.

एतेकला सांगायला गेले. ती गल्ला मोजत होती. म्हणाली, "उद्या पुन्हा शिजवणारच आहोत."

८ जुलै, मंगळवार. रांदांग

मांस ५ किलो, जून नारळ १२. बाकीचं वहीत.

नारळाचं जून असणं हे इथलं पहिलं माप. उवो पडवीत बसून नारळ कानाशी धरून हलवते. पाणी कमी वाजलं तर उजवीकडे, जास्त वाजलं तर डावीकडे. उजवीकडचे रांदांगला, डावीकडचे गुलायला. मी म्हटलं, दोन्ही ढिगांतले फोडून बघू. उजवीकडच्यांचं खोबरं जाड, कडक, तेलकट. बारापैकी बाराही बरोबर. यंदा ईदच्या सुमारास इंडोनेशियाभर नारळ महागला, बाहेर निर्यात वाढली म्हणून, आणि तेव्हापासून व्यापारी कोवळे नारळही जून म्हणून मिसळतो असं एतेकचं म्हणणं. एक नारळ फसला तर पातेलं फसतं.

सकाळी ६:१० ला कढई चुलीवर. बुकितिंगी समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९७ अंशांनाच उकळतं. थर्मामीटर ९७ वर गेला आणि तिथेच चिकटून बसला. साडेसात, साडेआठ, साडेनऊ, ९७. या टप्प्याला गुलाय म्हणतात, पातळ आणि पिवळट. साडेदहाच्या सुमारास रस दाट, तपकिरी, वर तेलाची बेटं. हा कालियो. पुष्कळ ठिकाणी रांदांग म्हणून वाढतात तो खरं तर हाच. आकडा अजून ९७.

तोवर मी कंटाळले होते, खरं सांगायचं तर. आकड्यांत काही घडत नव्हतं. एतेक चुलीकडे पाठ करून कोबी चिरत होती. बारा वीसला ती मध्येच उठली, दोन जाडे ओंडके बाहेर ओढले आणि उलथणं हातात घेतलं. मी थर्मामीटर बघितला: ९८. म्हटलं, तुम्ही कशावरून उठलात? तिने कानाकडे बोट दाखवलं.

मग मीही ऐकलं. सकाळपासून बुडबुड होती. कालियोला पचक-पचक. आता खालून बारीक चुरचुर येत होती, भजी तळताना कढईच्या कडेला येते तशी. पाणी संपलं होतं आणि मांस नारळाच्या स्वतःच्या तेलात तळायला लागलं होतं. त्यानंतर पाऱ्याने उडीच मारली. १०४, ११०, ११६. पण ती चुरचुर पाऱ्याच्या पाच-सात मिनिटं आधी आली. हे मी एका थर्मामीटरवाल्या बाईने लिहायचं म्हणजे जरा जड जातंय.

दीड वाजता संपलं. पंधरा किलोच्या आसपास जे काही घातलं होतं त्याचं साडेचार किलो झालं. रंग जवळजवळ काळा. वास घेतला. भाजलेलं सुकं खोबरं, हळदीच्या पानाचा धूर, आणि त्याखाली काहीतरी गोड. खाल्लं नाही. पण आज पहिल्यांदा, न खाल्ल्याचं वाईट वाटलं.

९ जुलै, बुधवार

सिंगापूरहून मी पाकिटातलं नारळाचं दूध आणलं होतं. पुढेमागे सिंगापुरात गाळा काढायचा झाला तर हेच हाताशी असणार. एक किलोचा घाणा त्यात शिजवला.

गुलाय सुरेख झाली, एकसारखी आणि तुकतुकीत. गुलायमध्ये दूध फुटू द्यायचं नसतं, म्हणून एतेक एरवी पळीने रस उंच उचलून परत ओतत राहते, वीस-वीस मिनिटं. इथे तिने हात लावला नाही तरी फुटलं नाही. मला वाटलं, जिंकले.

रांदांगला मात्र दूध फुटलंच पाहिजे. ते फुटेना. पाकिटातल्या दुधात तेल आणि पाणी धरून ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, तेल सुटतच नाही. रस आटत गेला, तळाला लागला, आणि चुरचुर काही आली नाही. उवोने करवंटीने थोडं उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "याला फुटायची लाज वाटते."

सात पदार्थांपैकी चारांना पाकीट चालेल अशी नोंद वहीत केली. रांदांगपुढे "नाही".

(आठ पातेल्यांपैकी एक भाताचं आहे हे मला आज कळलं. मी दहा दिवस आठवा पदार्थ शोधत होते.)

१२ जुलै, शनिवार

आज एतेकने भाचीला वरच्या बैठकीवर बसवलं. कंबर दुखतेय म्हणाली. दुखत नव्हती.

भाचीच्या हातात प्रयोगशाळेतली नळी असते तेव्हा थेंब इकडचा तिकडे होत नाही. पळीने तिचं काही चालेना. दोन हातांवरच्या पातेल्यातून रस भरून उचलला की दांडा वाकतो, आणि ताटापर्यंत येईतो वाटेतल्या तीन पातेल्यांत थेंब पडतात. माशाचा रस रांदांगवर पडला. तुळस लागलेलं रांदांग कोण खाणार? तो थर काढून बाजूला ठेवावा लागला.

एतेक कसं करते ते मी जवळ उभी राहून पाहिलं. ती पळी भरून लगेच उचलत नाही. पातेल्याच्या काठाला करवंटीचं बूड एकदा टेकवते, खालचा लोंबता थेंब तिथेच पुसला जातो, मग उचलते. आणि डाव्या हातातलं ताट पळीकडे जातं, पळी ताटाकडे येत नाही. अर्ध्या वाटेत दोघांची गाठ.

मी एतेकच्या दहा पळ्यांचं वजन केलं: फरक तीन-चार ग्रॅमचा. भाचीच्या दहा: तीस ग्रॅमपर्यंत. इथवर तक्ता छान दिसत होता. मग एतेकच्याच पुढच्या चाळीस पळ्या मोजल्या, आणि तक्ता बिघडला. काही पळ्या भलत्याच मोठ्या होत्या. हातचं सुटलं म्हणावं तर ती दुपारची निवांत वेळ होती. भाचीला विचारलं, तिने माणसं दाखवली. मोठी पळी बाजारात ओझी वाहणाऱ्यांना, रस दुप्पट, पैसे एकाच भाताचे. लहान पळी त्या शिंप्याला, ज्याला डॉक्टरने नारळ कमी करायला सांगितलाय आणि जो स्वतः कधी सांगत नाही. मी काढलेली सरासरी कुणाच्याच ताटात नव्हती.

आणि हिशेब. कुणी काय खाल्लं ते कुठेच लिहिलेलं नसतं. माणूस उठतो, एतेक त्याच्याकडे बघते आणि आकडा सांगते. आज भाचीने तीनदा विचारलं, "काय काय घेतलंत?" तिसरं गिऱ्हाईक म्हणालं, "ते तुला माहीत हवं, उनी." उनी म्हणजे ताई. गाळ्यावरच्या बाईला सगळे उनीच म्हणतात. भाचीला कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं. ती परत येताना टेम्पोत गप्प होती.

१४ जुलै, सोमवार

मामाक आले. भाचीची आई आणि एतेक यांचे थोरले भाऊ, निवृत्त शिक्षक, इस्त्रीचा शर्ट. व्हिडिओ कॉलवर एतेकचा मोठा मुलगा, जाकार्ताजवळ बेकासीत पादांगी खानावळ चालवणारा. मिनांग पुरुषांनी गाव सोडून नशीब काढायचं, याला मारान्ताऊ म्हणतात. १९५८ च्या पीआरआरआय बंडानंतर (जाकार्ताच्या सरकारविरुद्ध सुमात्रात झालेल्या) तर इथून माणसांचे लोंढे जाकार्ताकडे गेले आणि पादांगी खानावळी तिकडे पसरल्या, असं मामाकनी खास माझ्यासाठी सांगितलं. मुलाच्या खानावळीत पगार नाहीत. मातो पद्धत आहे: मालक, आचारी, वाढपी, प्रत्येकाचे गुण ठरलेले, ठराविक दिवसांनी नफा त्या गुणांप्रमाणे वाटायचा. मला ती फार आवडली. आमच्याकडे बोनसच्या वेळी जे चालतं ते आठवलं.

मुद्दा असा की मुलाला माझी फाइल हवी आहे. लगेच, ईमेलने.

मग निघाला वारशाचा विषय. कापाऊचं घर आणि शेत हे पुसाको तिंगी, उच्च वारसा. ते विकायचं नाही, लेकींकडेच राहायचं. स्वतः कमावलेलं ते पुसाको रेन्दा. ते इस्लामी कायद्याने मुलग्यांनाही मिळतं. गाळा यातलं कोणतं? मामाक म्हणाले, जागा पालिकेची, पातेली कमाईची, तेव्हा रेन्दा. आणि पाककृती? यावर ते जरा थांबले आणि रांदांगचा अर्थ सांगू लागले. इथे तो सगळ्यांना पाठ असतो: मांस म्हणजे कुळातले वडीलधारे, नारळ म्हणजे शिकलेले लोक, मिरची म्हणजे धर्मशास्त्री, बाकी मसाला म्हणजे उरलेला समाज. सगळे एकत्र आले की रांदांग.

"आणि चूल कोण?" एतेकने विचारलं.

मामाकनी चहा घेतला.

निर्णय उवोने दिला, तोही भांडी पुसता पुसता. वही घरातच राहील. तिची प्रत ज्याने एक अख्खा रमजान चुलीपाशी काढला असेल त्याला. मुलगा फोनवर हसायला लागला, "मी अकरा काढलेत!" उवो म्हणाली, आठ वर्षं तू भांडी घासलीस. तीन धर.

तीनही पुरेसे. एकाची अट होती. म्हणजे फाइल मुलाला गेली, आणि जिने मला इथे आणलं ती भाची अटीत बसत नाही. ती बारावीनंतर बाहेर पडली. प्रत्येक रमजानात ती शेवटचे आठ-दहा दिवसच घरी असायची, तेही पाहुण्यासारखी. घरातल्या कुणालाच हे असं होईल असं वाटलं नव्हतं. उवोलाही वाटलं नसावं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

१६ जुलै, बुधवार

रमजानच का, हे मी उवोला विचारलं. मला वाटलं, गर्दी असते म्हणून. रमजानात दिवसा गाळा बंद, दुपारनंतर रोजा सोडायच्या जेवणासाठी झुंबड.

ती म्हणाली, त्या महिन्यात चाखता येत नाही.

काही जणी जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकतात, त्याला हरकत नसते म्हणे. उवोने कधी केलं नाही, तिच्या आईनेही नाही. तीस दिवस, रोज सात पातेली, मीठ न चाखता. वासावर, रंगावर, आवाजावर. संध्याकाळी गिऱ्हाईक पहिला घास घेतं तेव्हाच कळतं. पहिल्या आठवड्यात चुका होतात, दुसऱ्यात कमी, पंधरा दिवसांनी आपली जीभ लागतच नाही.

"तू पंधरा दिवस तेच करते आहेस," ती मला म्हणाली. "फक्त रांदांगपुरतं."

१७ जुलै, गुरुवार

काम नाही. भाचीने आम्पियांग दादियाह खायला नेलं. दादियाह म्हणजे म्हशीचं दूध बांबूच्या नळीत भरून, केळीच्या पानाने तोंड बांधून दोन दिवस ठेवलेलं. विरजण लावत नाहीत, दूध तापवतही नाहीत. बांबूतले जिवाणूच ते लावतात. आम्पियांग म्हणजे चिकट तांदळाचे पोहे. वर ताडगूळ.

दहीपोहे आणि गूळ! नावसुद्धा संस्कृतातल्या दधिवरून. मी दोन वाट्या खाल्ल्या. भाचीने एक नळी प्रयोगशाळेसाठी मागून घेतली आणि तिचे डोळे लकाकले ते मी पाहिलं. पळी हातात होती तेव्हा लकाकले नव्हते, हेही लिहून ठेवते.

१९ जुलै, शनिवार

वही बांधून दिली. सात पदार्थ. वजनांच्या रकान्याशेजारी मी आणखी तीन रकाने टाकले: वास, आवाज, नारळ. वजनाच्या रकान्यात एक आकडा नाही, "एवढ्यापासून एवढ्यापर्यंत" आहे. कारखान्यात अशी वही कुणी दिली असती तर मी परत केली असती.

एतेकने पानं उलटली, अक्षर वाचता येत नाही म्हणाली (माझं रोमन अक्षर खरंच वाईट आहे), आणि वही तांदळाच्या डब्यावर ठेवली. निघताना दोन किलो रांदांग बांधून दिलं. "तुझ्यासाठी नाही, तुझ्या ऑफिसातल्यांसाठी. त्यांना विचार कसं झालंय. मला कळव."

३ ऑगस्ट, रविवार. सिंगापूर

घरच्या स्वयंपाकघरात कुयरीची गुलाय, वहीबरहुकूम. आसाम कांदिस संपलं होतं, आईने कुडाळहून पाठवलेली आमसुलं घातली. रंग लालसर झाला. भाचीने खाल्ली, चव नव्वद टक्के म्हणाली. फोटो उवोला पाठवला. तासाभराने उत्तर आलं. चव, रंग, आमसूल यांबद्दल एक शब्द नाही. "नारळ हलवून घेतलास का?"

नाही. सुपरमार्केटमधून सोललेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला घेतला होता.

७ ऑगस्ट, गुरुवार

भाचीने रजेचा अर्ज टाकलाय. १६ फेब्रुवारी ते २५ मार्च २०२६. कारण: "कौटुंबिक". पुढचा रमजान त्याच दिवसांत येतो. तिची वर्षाची रजा चौदा दिवस, बाकी बिनपगारी. मंजूर मी करायची. प्रयोगशाळेचं वार्षिक ऑडिट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि त्याची निम्मी कागदपत्रं तिच्याकडे असतात.

तिला विचारलं, म्हणजे ठरलं का? म्हणाली, "नाही काक. आधी चुलीपाशी राहून बघते."

बदली माणसासाठी आज दोन ठिकाणी विचारलं. एक नकार आलाय, दुसरीकडून सोमवारी कळेल.